साखरपुड्याचं माणिक

रत्नागिरीत आलेला पर्यटक थिबा पॅलेस पाहिल्याशिवाय परतत नाही. थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. १८८५ साली इंग्रजांनी लढाई करून त्याला गादीवरून उतरवलं, पुढे इथे नजरकैदेत ठेवलं आणि १९१६ मध्ये तो रत्नागिरीतच वारला. माणकांच्या खाणींचं मोगोकचं खोरं त्याच्याच राज्यातलं. तिथे सापडलेलं मोठं माणिक राजाच्या खजिन्यात जमा करण्याचा दंडक होता. राज्य गेलं आणि १८८९ मध्ये लंडनला ‘बर्मा रुबी माइन्स’ कंपनी उभी राहिली. ती लढाई काही फक्त माणकांसाठी झाली नाही, सागवान आणि फ्रेंचांची धास्तीही तिच्यामागे होती. पण खाणींवरची नजर काही लपत नव्हती.

मोगोकच्या खड्यात एवढं काय आहे? माणिक म्हणजे कुरुंद, ॲल्युमिनियमचं ऑक्साइड. त्यात किंचित क्रोमियम मिसळलं की लाल रंग येतो. मोगोकचं माणिक संगमरवरात तयार होतं, तिथे लोह कमी. लोह असलं की क्रोमियमची चमक मारली जाते. ते कमी असल्यामुळे हा खडा उन्हात आतून पेटल्यासारखा दिसतो. ‘कबुतराच्या रक्ताचा’ म्हणतात तो रंग हाच. आज मात्र बाजारातला बराचसा माल मोझांबिकच्या माँटेप्युएझचा असतो, आणि तोही काही कमअस्सल नव्हे.

आपल्याकडे माणिक सूर्याचं रत्न म्हणून पत्रिका दाखवून घालतात. साखरपुड्याला हिराच हवा, हा हट्ट तसा अलीकडचा. १९८६ मध्ये इंग्लंडच्या राजपुत्र अँड्र्यूने सारा फर्ग्युसनला दिलेल्या अंगठीत मधोमध माणिकच होतं. रोज वापरायच्या अंगठीला ते शोभतंही आणि टिकतंही: काठिण्य ९, हिऱ्याच्या खालोखाल. पाचू त्या मानाने फार नाजूक.

खरी गोम पुढेच आहे. १९०२ मध्ये व्हेर्नेय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ॲल्युमिनाची भुकटी धगधगत्या ज्योतीतून खाली सोडून काही तासांत माणिक वाढवण्याची रीत जाहीर केली. तो खडा रासायनिकदृष्ट्या माणिकच; भिंगाखाली मात्र त्यातल्या रेषा वळणदार दिसतात, खाणीतल्या खड्यात त्या सरळ असतात. खाणीतल्या खड्यालाही बहुधा भट्टी दिलेली असते. त्याने रंग उजळतो आणि व्यापारात ते मान्य आहे, फक्त सांगून विकलं पाहिजे.

मान्य होऊ नये ते काच भरलेलं माणिक. भेगाळलेल्या, टाकाऊ खड्यात शिसेयुक्त काच भरून तो चकचकीत करतात. अंगठी तिरकी धरून हळूहळू फिरवली तर भेगेच्या जागी क्षणभर निळसर झळक उमटते आणि विझते. अंगठी सैल करायला सोनाराकडे गेली की ज्योतीने काच वितळते, तेजाबाने झिजते. लिंबाचा रससुद्धा तिला सोसत नाही. मग आतल्या भेगा पांढऱ्या होऊन वर येतात. याला रत्न म्हणणं ही गिऱ्हाइकाची शुद्ध फसवणूक आहे.

तेव्हा अंगठी घेताना प्रयोगशाळेचा दाखला मागा. खडा खाणीतला की कारखान्यातला, भट्टी दिली आहे का, काच भरली आहे का, या तिन्ही गोष्टी सराफाकडून बिलावर लिहून घ्या. तो टाळाटाळ करू लागला, तर पुढच्या दुकानात जा.