मैदानावरची मुलगी आणि गप्प बसणारी माणसं

अंबडच्या आम्ही बायका आज एका अवघड विषयावर बोलणार आहोत. शाळा-कॉलेजात खेळणाऱ्या मुली घरात असतील तर त्यांनाही ऐकायला बसवा.

सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावून कांस्यपदक घेऊन आली, तेव्हा आपल्या जिल्ह्यातल्या किती आयांना वाटलं असेल, आपलीही पोर धावू दे. खेळाचे फायदेही आहेत. दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के जागा राखीव असतात. कंपनीच्या पाळीवर राबणाऱ्या आईला याचं मोल बरोबर कळतं.

पण या सगळ्याची चावी कोणाकडे असते? संघात कोण, बाहेरगावी कोण जाणार, कोणाचा कागद पुढे पाठवायचा, हे बऱ्याचदा एकच माणूस ठरवतो. बहुतेक सर सरळमार्गी असतात, पोटच्या पोरीसारखं शिकवतात. एखादा मात्र वाईट निघाला, तर मुलगी दोन्हीकडून अडकते. बोलली तर संघातून नाव जाणार, आणि घरी सांगितलं तर मैदानच बंद होणार. ही दुसरी भीती आम्हाला जास्त खरी वाटते, कारण आपण खरंच मैदान बंद करतो.

शिवाय खेळात अंगाला हात लागतोच. पकड शिकवताना लागतो, दुखऱ्या पायाला मालिश करताना लागतो. त्यामुळे यातला वाईट हात कोणता, हे चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीला ठामपणे सांगता येत नाही. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठाचा डॉक्टर लॅरी नासर याचाच फायदा घ्यायचा. जिम्नॅस्टिक्सच्या मुलींशी तो घाणेरडे चाळे करायचा आणि हा उपचारच आहे म्हणायचा. एक मुलगी सोळा वर्षांची असताना, १९९७ साली, विद्यापीठातल्या प्रशिक्षक बाईंशी याबद्दल बोलली होती, असं तिने पुढे जाहीरपणे सांगितलं. २०१४ मध्ये दुसरी तक्रार आली. विद्यापीठाने चौकशी केली आणि त्याला निर्दोष ठरवलं. तो पुन्हा कामावर बसला, तो थेट २०१६ पर्यंत. जानेवारी २०१८ मध्ये शिक्षेच्या वेळी दीडशेहून जास्त मुली आणि बायका कोर्टात उभं राहून बोलल्या. विद्यापीठाला ५० कोटी डॉलर भरपाई कबूल करावी लागली.

आपल्याकडची गोष्ट तर त्याआधीची आहे. हरियाणातल्या पंचकुला इथे रुचिका गिऱ्होत्रा ही चौदा वर्षांची मुलगी टेनिस खेळायची. ऑगस्ट १९९० मध्ये राज्याच्या टेनिस संघटनेच्या अध्यक्षाने तिचा विनयभंग केला. हा अध्यक्ष, एस. पी. एस. राठोड, पोलीस महानिरीक्षकही होता. तिने तक्रार केली. त्यानंतर काय झालं बघा. फी थकल्याचं कारण दाखवून शाळेने तिचं नाव काढलं. भावावर गाडीचोरीच्या केसेस पडल्या. १९९३ च्या डिसेंबरात रुचिकाने जीव दिला. राठोड मात्र बढती घेत राज्याचा पोलीस महासंचालक झाला. गुन्हा नोंदवायला १९९९ उजाडलं, निकाल २००९ मध्ये लागला, आणि शिक्षा झाली सहा महिने. वरच्या कोर्टाने ती दीड वर्ष केली. एवढी वर्षं हा खटला लढवला तो तिच्या मैत्रिणीने आणि मैत्रिणीच्या आई-वडिलांनी.

या दोन्ही ठिकाणी वाईट माणूस एकच होता, पण गप्प बसणारे किंवा मुलीलाच त्रास देणारे पुष्कळ होते. पदकं आली की संस्थेचं नाव होतं, देणग्या मिळतात, सत्कार होतात. मग ‘एवढा मोठा माणूस असं करेल का’ हा प्रश्न आधी येतो आणि मुलीचं म्हणणं मागे पडतं. २०२३ मध्ये जंतरमंतरवर बसलेल्या महिला कुस्तीगीर तर ऑलिम्पिक गाजवून आलेल्या होत्या. त्यांचाही गुन्हा नोंदवून घ्यायला सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं.

आता कायद्याचं ऐका. मुलगी, किंवा मुलगासुद्धा, अठराच्या आत असेल तर २०१२ चा पॉक्सो कायदा लागतो. असा प्रकार कळला की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने दाबून ठेवलं तर त्यालाच एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘आपण आपसात मिटवू’ म्हणणाऱ्या मुख्याध्यापकांना हे ऐकवा. जबाब मुलीच्या घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि अंगावर गणवेश नसताना. मुलीचं नाव कुठेही छापता येत नाही.

अठरा पूर्ण झालेल्या मुलीला पोलीस ठाणं आहेच, शिवाय कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असलीच पाहिजे. २०१३ च्या कायद्यात तर क्रीडासंस्था आणि मैदान यांचाही कामाच्या जागेत स्पष्ट उल्लेख आहे. त्या कायद्याखाली लेखी तक्रार तीन महिन्यांत करायची असते. सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळतात. समितीच्या सदस्यांची नावं नोटीसबोर्डावर आहेत का, हे प्रवेश घेतानाच बघून या. नसतील तर गटातल्या चौघीजणी मिळून प्राचार्यांना विचारायला जा. एकटी आई गेली की तिला बाहेर बसवतात.

संघ बाहेरगावी निघाला की विचारायचं, सोबत बाई कोण आहे, मुली झोपणार कुठे, सरांची खोली कुठे. यात सरांचा अपमान नाही, चांगल्या सरांना राग येत नाही. आणि मुलीला आधीच सांगून ठेवा: काही झालं तर मला सांग, मी तुझा खेळ बंद करणार नाही.

मुलांसाठी १०९८, बायकांसाठी १८१, आणि तातडीला ११२. हे तीन नंबर मुलीच्या वहीच्या मागच्या पानावर आज रात्रीच लिहून द्या.