नाव जुनं, पत्ता भलत्याचा

शिवाजी उद्यमनगरातल्या एखाद्या ऑफिसात 'अकाउंट्स-पीसी' उघडायला जावं आणि भलत्याच टेबलावरचा लॅपटॉप समोर यावा, तर लगेच व्हायरसवर खापर फोडू नका. दोष बहुधा डीएनएसमधल्या शिळ्या नोंदीचा असतो. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी आखलेली ही व्यवस्था नावावरून आयपी पत्ता सांगते. यंत्र भंगारात गेलं, पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीने तो पत्ता दुसऱ्याला दिला, तरी जुनी नोंद तिथेच ठाण मांडून! विंडोज सर्व्हरवर सफाईची सोय आहे, पण ती मुळात बंद असते (ही सावधगिरी मला अतीच वाटते). झोन (नोंदींचा संच) आणि सर्व्हर, दोन्हीकडे चालू केल्यावर मूळ सेटिंगनुसार १४ दिवसांत ताजी न झालेली नोंद सफाईला पात्र ठरते. हाताने घातलेल्या, वेळेचा शिक्का नसलेल्या नोंदींना ती हात लावत नाही. त्या स्वतःच तपासा.