मतभेद आणि अबोला

मतभेद हा सार्वजनिक जीवनाचा दोष आहे, असें आम्ही मानीत नाहीं. जेथें दुसरें मतच नाहीं, तेथें विचारहि झालेला नसतो. घात होतो तो अबोल्यानें. हें पटविण्यास आमच्याच इतिहासांतील एक प्रकरण पुरेसें आहे.

सन १९०६ च्या कलकत्त्याच्या राष्ट्रीय सभेंत स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार व राष्ट्रीय शिक्षण ह्यांविषयीं ठराव मंजूर झाले. पुढील वर्षीं नेमस्त मंडळी हे ठराव सौम्य करणार, असा जहालांस संशय आला. जहालांस सभाच मोडावयाची आहे, असा नेमस्तांस. सभेचें स्थळ नागपुराहून सुरतेस हलविल्यानें हा संशय अधिकच बळावला. ठरावांचे मसुदे वेळेवर मिळाले नाहींत, ही जहालांची तक्रार होती. ता. २७ डिसेंबर १९०७ रोजीं, अध्यक्षांच्या निवडीविषयीं आपणांस बोलावयाचें आहे, अशी चिठ्ठी लो. टिळकांनीं स्वागताध्यक्षांकडे पाठविली. तिला उत्तर आलें नाहीं. तेव्हां ते स्वतःच व्यासपीठावर गेले. मग जोडा फेकला गेला, खुर्च्या व काठ्या चालल्या आणि सभा उधळली. दोष कोणाचा किती, हा वाद आज उकरण्यांत अर्थ नाहीं. पण एका चिठ्ठीस वेळीं दोन ओळींचें उत्तर मिळतें, तर निदान तो प्रसंग टळण्यास जागा होती.

ह्याची किंमत कोणीं दिली? देशानें. सन १९०८ मध्यें टिळकांस सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेस गेले. सभा नेमस्तांच्या हातीं राहिली, पण तिचें तेज ओसरलें. दुफळी मिटण्यास नऊ वर्षें लागलीं. सन १९१५ च्या मुंबईच्या अधिवेशनांत नियम बदलून जहालांस वाट मोकळी झाली व १९१६ मध्यें लखनौस दोन्ही पक्ष एकत्र बसले. त्याच लखनौस मुस्लिम लीगशींहि करार झाला.

परंतु हा समेट पाहण्यास गोपाळराव गोखले नव्हते, ता. १९ फेब्रुवारी १९१५ रोजीं ते निवर्तले होते. फेरोजशहा मेहताहि त्याच वर्षीं गेले. गोखल्यांच्या चितेपाशीं टिळकांनीं त्यांचा मुक्तकंठानें गौरव केला. त्या गौरवांत टिळकांचें मोठेपण आहेच. पण तो ज्यांनीं ऐकावयास हवा होता, त्यांच्या कानीं तो पडला नाहीं, ही खंत आम्हांस अजून वाटते.

आज काय दिसतें? पक्षावरून सख्खे भाऊ एकमेकांच्या कार्यास जात नाहींत. मोबाइलवर दुसऱ्याचें अर्धें वाक्य फिरतें व त्यावरून सबंध माणसाचा निकाल लागतो. आमच्या व्यापारी वाचकांस आम्ही विचारतों : दोन पेढ्यांच्या खात्यांत फरक पडला, तर तुम्ही आधीं फिर्याद करतां कीं आधीं वह्या ताडून पाहतां? रकमेसाठीं जी रीत पाळतां, ती माणसासाठीं कां पाळूं नये?

कोणी म्हणेल, गोड बोलून अन्याय मिटत नाहीं. खरें आहे. ज्याचें गाऱ्हाणें खरें, त्यास गप्प बसवून मिळविलेली शांतता हा समेट नव्हे. संवादाची पहिली अट त्याचें गाऱ्हाणें ऐकणें हीच आहे. मतें सोडा, असें आम्ही सांगत नाहीं. लखनौस एकत्र आलेल्यांनींहि तीं सोडलीं नव्हतीं.

आमची सूचना लहान आहे. प्रतिपक्षाचें खंडन करण्यापूर्वीं त्याचें म्हणणें त्याला मान्य होईल अशा शब्दांत एकदां मांडून दाखवावें, आणि त्याच्या चिठ्ठीस त्याच दिवशीं उत्तर द्यावें. चांगला शब्द बोलावयाचा असेल तर तो माणूस ऐकत आहे तोंवरच बोलावा. चिता पेटल्यावर तो कितीहि खरा असला, तरी उशिराच येतो.