स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर : जोडीने करावयाची निवड

घोडबंदर रस्ता व कल्याण-शीळ रस्ता यांवर पावसाळ्यात पडणारे खड्डे आणि ठाणे-डोंबिवलीच्या गृहसंकुलांसमोरील उंच गतिरोधक यांमुळे मोटारीचे सस्पेन्शन लवकर झिजते, आणि ते बदलताना मूळच्याहून सरस भाग बसवावेत असे अनेक मालकांना वाटते. त्यासाठी दोन भागांची कामे नीट ओळखणे आवश्यक आहे : स्प्रिंग गाडीचा भार पेलते व धक्क्याची ऊर्जा साठवते, तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर आतील तेल बारीक छिद्रांतून ढकलून त्या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करतो आणि स्प्रिंगची आंदोलने शमवतो.

स्प्रिंग एक मिलिमीटर दाबण्यास लागणारे बल म्हणजे तिचा ताठपणा; तो तारेच्या व्यासाच्या चौथ्या घातानुसार वाढत असल्याने, इतर मापे तीच ठेवून तार केवळ १० टक्के जाड केली तरी तो सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो. अशा ताठ स्प्रिंगसोबत मूळचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर ठेवल्यास खड्ड्यानंतर गाडी हिंदकळत राहते व चाकांची पकड कमी होते. उलट नरम स्प्रिंगला अतिकठीण शॉक अ‍ॅब्सॉर्बर जोडल्यास दबलेले चाक पुढच्या खड्ड्यापूर्वी पूर्ववत खाली येत नाही.

गाडीची उंची घटवणाऱ्या आखूड स्प्रिंगमुळे चाकाचा वर-खाली होण्याचा पल्ला कमी होतो, म्हणून या रस्त्यांवर त्या टाळाव्यात. मूळ ताठपणाच्या स्प्रिंग व त्यांना अनुरूप दर्जेदार शॉक अ‍ॅब्सॉर्बर एका अ‍ॅक्सलच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी बसवून नंतर व्हील अलाइनमेंट करून घेणे, हाच बहुतेक कुटुंबांसाठी सुरक्षित आणि हितकर मार्ग आहे.