लोखंडाचे दात

नव्या गाडीची पूजा आपण दारात करतो. चाकाखाली लिंबू ठेवतो, नारळ फोडतो, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढतो आणि पेढे वाटतो. आपल्या लेखी गाडीचा जन्म त्या क्षणी होतो. पण कारखान्यातून निघून दारात येईपर्यंत तिने शेकडो, कधी हजारो किलोमीटरचा प्रवास केलेला असतो. त्या प्रवासात तिचे काय काय झाले, हे पेढे खाणाऱ्यांपैकी कोणालाच ठाऊक नसते.

आम्हा उंद्रीकरांना हा प्रवास एके काळी डोळ्यांनी दिसत असे. खामगाववरून धुळे-नागपूर-कोलकाता हा जुना राष्ट्रीय महामार्ग 6 जातो. आता त्याचा क्रमांक 53 आहे. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला, ऐंशीच्या दशकात, या रस्त्यावरून ट्रकच्या नुसत्या चासी धावत. वर टप नाही, बाजूला दार नाही, समोर काच नाही. फळीवर बसलेला ड्रायव्हर, डोक्याला घट्ट मुंडासे आणि डोळ्यांना गॉगल. ट्रॅक्टर तर एकमेकांच्या पाठीवर पुढची चाके टेकवून वरातीसारखे जात. गिऱ्हाइकाच्या हाती पडण्यापूर्वीच त्या यंत्रांनी ऊन, पाऊस आणि खड्डे भोगलेले असत.

आता बहुतेक मोटारी बंद कंटेनरमधून किंवा दुमजली ट्रेलरवरून येतात. रेल्वेने तर प्रवासी सेवेतून बाद झालेल्या डब्यांच्या खिडक्या बंद केल्या, टोकाला दारे बसवली आणि त्यांतून मोटारी नेल्या. प्रवास झाकला गेला. धोका मात्र संपला नाही. पट्टा सैल पडतो, उतरवताना फळी घसरते, वळणावर ट्रेलर कलंडतो.

समुद्रावर हाच प्रकार अवाढव्य होतो. जुलै 2006 मध्ये जपानहून अमेरिकेकडे निघालेले ‘कूगर एस’ हे जहाज अलास्काजवळ, तोल सांभाळण्यासाठी भरलेले पाणी बदलत असताना, साठेक अंशांत कलंडले. पोटात माझदा कंपनीच्या 4,703 नव्या मोटारी होत्या. जहाज बुडाले नाही आणि पट्ट्यांनी बांधलेल्या बऱ्याच गाड्या वरून धडधाकट दिसत होत्या. तरीही कंपनीने त्या विकल्या नाहीत. इतके दिवस तिरप्या लटकलेल्या गाडीत आत काय बिघडले असेल, याची हमी कोण देणार? एअरबॅगा उडवून सगळ्या गाड्या भंगारात चिरडण्यात आल्या.

पुढे फेब्रुवारी 2022 मध्ये ‘फेलिसिटी एस’ला अझोर्स बेटांजवळ आग लागली आणि सुमारे चार हजार महागड्या मोटारींसह ते 1 मार्चला बुडाले. जुलै 2023 मध्ये नेदरलँड्सच्या किनाऱ्याजवळ ‘फ्रीमँटल हायवे’ पेटले. त्यावर 3,783 वाहने होती. खलाशी बहुतेक भारतीय होते आणि त्यांतला एक प्राणाला मुकला. मोटारींच्या आकड्यांत ही ओळ हरवू नये. गाड्या पुन्हा तयार होतात.

जहाज बुडाले की जगभर बातमी होते. विमा कंपन्या धावतात, चौकशा होतात. आपल्या वाट्याला येते ते किरकोळ नुकसान, आणि त्याची बातमी होत नाही. ते गोदामामागे रंगवून झाकले जाते.

मी बँकेत कर्जविभाग पाहत असतानाची गोष्ट. उंद्रीच्या शिवारातल्या एका वयस्क शेतकऱ्याने कर्जावर ट्रॅक्टर घेतला. पंधरा दिवसांत पुढच्या बाजूने खडखड सुरू झाली. मिस्त्रीने रंग खरवडला, तर खाली वेल्डिंगचा जोड. ट्रॅक्टर उतरवताना पडला होता. विक्रेता म्हणाला, वाहतूकदाराला विचारा. वाहतूकदार म्हणाला, माल चांगला मिळाल्याची सही माझ्याजवळ आहे. विमावाले म्हणाले, आम्हाला वेळेत कळवलेच नाही. वेळेवर पोचला तो फक्त बँकेचा हप्ता! काका माझ्यासमोर बसून म्हणाले, “सायेब, बैल घेतो तं दात पायतो, खूर पायतो, औताले जुतून पायतो. ह्या लोखंडाचे दात कुठी पायाचे?”

तो भाग बदलून मिळाला, पण खरिपाचा हंगाम निघून गेल्यावर. त्या वर्षीचा हप्ता काकांनी बैलजोडी विकून भरला.

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर कायद्यात अर्धेच मिळते. गंमत अशी, की खुष्कीच्या वाटेने येणाऱ्या मालाच्या विम्यालाही विमावाले ‘मरीन’च म्हणतात, उंद्रीला समुद्र नसला म्हणून काय झाले! वाहतूकदारांसाठी 1865 चा इंग्रजी अमदानीतला कायदा होता, त्याच्या जागी 2007 चा आला. नुकसानीचा दावा लावायचा तर माल नोंदवल्यापासून 180 दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. पण हा व्यवहार कंपनी, विक्रेता आणि वाहतूकदार यांचा. गिऱ्हाईक त्यात कुठेच नसते. त्याची गाठ विक्रेत्याशी.

ही गाठ किती महत्त्वाची, हे फेब्रुवारी 2021 मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालात दिसते. गोव्यातल्या एका ग्राहकाला नवी म्हणून दिलेली मोटार दोन वर्षे जुन्या मॉडेलची, खालून गंजलेली आणि आधीच सहाशेहून अधिक किलोमीटर धावलेली निघाली. कंपनीला हे माहीत होते असे सिद्ध झाले नाही, म्हणून न्यायालयाने कंपनीला मोकळे केले. विक्रेत्यावरची जबाबदारी मात्र राहिली.

तेव्हा लोखंडाचे दात आपणच पाहायला हवेत, आणि ते दिसतात. गाडी दिवसाउजेडी पाहावी. चासी आणि इंजिनाचा क्रमांक कागदांशी ताडावा, निर्मितीचा महिना-वर्ष वाचावे. काचांवरच्या खुणा एकसारख्या आहेत का, बॉनेट-दारांच्या बोल्टवरचा रंग पान्याने उडालेला आहे का, किलोमीटरचा आकडा किती, हे बघावे. गाडीखाली वाकून पाहायची लाज धरू नये; बैलबाजारात कोणी धरत नाही. काही खटकले तर पोचपावतीवर लिहावे आणि मगच सही करावी. नंतर तोंडी सांगितलेले कोणी ऐकत नाही, हे मी कर्जाच्या टेबलामागे बसून पुष्कळदा पाहिले आहे.

मुहूर्त टळू नये म्हणून घाई करणारे घरात असतातच. पण हप्ते पाच-सात वर्षे चालतात, आणि मुहूर्त पुढच्या आठवड्यातही असतो.