बाजारभावाची माहिती : सेवा एक, उपयोग अनेक

ट्रॅक्टरच्या पी.टी.ओ. शाफ्टला आज रोटाव्हेटर तर उद्या फवारणी यंत्र जोडता येते. शाफ्टचा व्यास ३५ मि.मी., दाते ६ आणि फेरे मिनिटास ५४० असे सर्वसाधारणपणे ठरलेले असल्याने प्रत्येक अवजारास वेगळे इंजिन लागत नाही. संगणक प्रणालीतही हेच तत्त्व वापरतात.

बाजार समित्यांतील दर केंद्र शासनाच्या ॲगमार्कनेटवर नोंदविले जातात. हीच माहिती शासनाच्या डेटा संकेतस्थळावरून सेवा म्हणून मिळते. त्यामुळे प्रत्येक मोबाईल ॲपला दर नव्याने गोळा करावे लागत नाहीत. मात्र जोडणीचा नमुना, म्हणजे इंटरफेस, पक्का हवा. त्यात बाजार, शेतमाल, जात, तारीख तसेच किमान, कमाल व सर्वसाधारण दर असे स्वतंत्र रकाने असतात. रकान्याचे नाव न कळविता बदलल्यास त्यावर अवलंबून असलेली ॲप बंद पडतात किंवा जुनाच दर दाखवीत राहतात. म्हणून नवा रकाना वाढवावा, पण जुना मोडू नये.

शेतकरी बंधूंनो, कांदा बाजारात नेण्यापूर्वी पुढील काळजी घ्यावी :

१) दराची तारीख व मालाची जात पाहावी.

२) हिशोब कमाल दरावर न करता प्रतिक्विंटल सर्वसाधारण दरावर करावा.

३) दोन ॲपवर सारखाच दर दिसला म्हणजे खात्री झाली असे समजू नये. दोघांचा स्रोत एकच असल्यास मुळातील चूक दोन्हीकडे दिसते. शंका आल्यास बाजार समितीत चौकशी करूनच गाडी भरावी.