घोगऱ्या आवाजाचा प्रेमगायक

फ्रेंच प्रेमगीतांना जगभर श्रोते मिळवून देणाऱ्या शार्ल अझ्नावूर यांना गायक म्हणून कारकिर्दीच्या आरंभी कोणी फारसे मोजले नाही. बुटका बांधा, साधासुधा चेहरा आणि घोगरा, जणू धुक्यातून येणारा आवाज. समीक्षकांनी या आवाजाची यथेच्छ टिंगल केली. पुढे तोच त्यांची ओळख ठरला.

शाहनूर अझ्नावूरियन हे त्यांचे मूळ नाव. २२ मे १९२४ रोजी पॅरिसमध्ये एका आर्मेनियन निर्वासित कुटुंबात त्यांचा जन्म झाला. गाणे आणि नाटक घरातच असल्याने नवव्या वर्षीच ते रंगमंचावर आले. १९४६ मध्ये विख्यात गायिका एदित पियाफ यांनी त्यांना हेरले व आपल्या दौऱ्यांत सामावून घेतले. तरीही बराच काळ त्यांची ओळख इतरांसाठी गीते लिहिणारा अशीच राहिली.

डिसेंबर १९६० मध्ये पॅरिसच्या अल्हाम्ब्रा रंगमंदिरात हे चित्र पालटले. यशाची स्वप्ने पाहत म्हातारा झालेल्या एका अपयशी गायकाचे गीत त्यांनी तेथे सादर केले आणि पॅरिस जिंकले.

फ्रेंच 'शांसाँ' परंपरेत सुरांपेक्षा शब्दांना अधिक मान असतो. गायक जणू एकपात्री प्रयोगच करीत असतो. अझ्नावूर यांनी या परंपरेतील प्रेमाला जमिनीवर आणले. त्यांच्या गीतांतले प्रेम थकते, कंटाळते, वयाने सुरकुतते. १९६५ च्या 'ला बोएम'मध्ये एक चित्रकार माँमार्त्रमधील आपले गरिबीचे, पण प्रेमाने भारलेले दिवस आठवतो. १९७२ मध्ये त्यांनी एका समलिंगी पुरुषाचे एकाकीपण प्रथमपुरुषी निवेदनातून मांडले. त्या काळी हे मोठे धाडस होते. भरजरी आवाजापेक्षा अशा व्यक्तिरेखांना त्यांचा खरखरीत स्वरच अधिक शोभला.

१९७४ मध्ये त्यांचे 'शी' हे इंग्रजी गीत ब्रिटनमध्ये सलग चार आठवडे अग्रस्थानी होते. 'नॉटिंग हिल' (१९९९) या चित्रपटात एल्विस कॉस्टेलो यांच्या आवाजात ते पुन्हा गाजले. फ्रान्स्वा त्रुफो यांच्या १९६० च्या 'शूट द पियानो प्लेअर' या चित्रपटातील त्यांची प्रमुख भूमिकाही रसिकांच्या स्मरणात आहे.

पूर्वजांच्या भूमीशी असलेले नाते त्यांनी केवळ भाषणांपुरते ठेवले नाही. डिसेंबर १९८८ मध्ये आर्मेनिया भूकंपाने उद्ध्वस्त झाला, तेव्हा फ्रेंच कलावंतांना एकत्र आणून त्यांनी मदतगीत ध्वनिमुद्रित केले. २००८ मध्ये त्यांना आर्मेनियाचे नागरिकत्व मिळाले आणि पुढल्याच वर्षी ते स्वित्झर्लंडमध्ये त्या देशाचे राजदूत झाले.

१ ऑक्टोबर २०१८ रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी दक्षिण फ्रान्समध्ये त्यांचे निधन झाले. जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी ते जपानमध्ये गात होते. फ्रान्सने त्यांना पॅरिसच्या लेझँव्हालिद येथे राष्ट्रीय सन्मानाने निरोप दिला. एका निर्वासिताच्या मुलाने फ्रेंच भाषेला जे दिले, त्याची ती कृतज्ञ पोचपावती होती.